शाडूच्या गोळ्यावरची तीन बोटं

दसऱ्याला कुणी माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं, की मी आधी त्याच्या डाव्या हाताकडे बघतो. बोटं पाच आहेत ना, एवढंच. घरचे हसतात, नातवंडं तर मुद्दाम दोन बोटं दुमडून सोनं द्यायला येतात. हसू देत. त्यांना काय ठाऊक? आज ती हकीकत लिहून काढायची ठरवलं आहे. नावं कुणाचीच देणार नाही, कारण त्यातली काही माणसं अजून त्याच गावात राहतात.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी नाशिकला स्थानिक गुन्हे शाखेत फौजदार होतो. अंबडला तेव्हा नवे नवे कारखाने उभे राहत होते, त्यांच्या आजूबाजूला पत्र्याच्या शेडमध्ये लहान वर्कशॉपं चालायची. नवरात्र सुरू होतं. दुपारच्या वेळी एक माणूस आमच्या कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, हाताला ग्रीस, तोंडावर घाम.

"साहेब, सायकल चोरीला गेली."

"कुठून?"

"अंबडहून. शेडसमोरून."

"मग इथपर्यंत कसे आलात?"

त्याच्या पँटच्या पायाला सायकलची क्लिप तशीच होती. माझ्या हवालदाराने खिडकीतून बाहेर डोकावलं. लिंबाच्या झाडाखाली एक सायकल कुलूप लावून उभी होती आणि किल्ली या गृहस्थाच्या मुठीत.

"अहो काका, चोराने सायकल इथंच आणून ठेवली की! किल्लीपण देऊन गेला वाटतं," हवालदार म्हणाला.

मी हवालदाराला डोळ्यांनी दटावलं. खोटी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला कधी हाकलायचं नाही, हे मी नोकरीत लवकर शिकलो होतो. त्याला दुसरंच काहीतरी सांगायचं असतं आणि त्यासाठी दार उघडायला एक निमित्त लागतं. मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं आणि दार लोटून घेतलं.

तो लेथवाला होता, स्वतःचं लहानसं वर्कशॉप चालवायचा. आठवडाभरापूर्वी एक जीपवाला त्याच्याकडे आला होता. तोंडाला उपरणं गुंडाळलेलं. एका नळीवर दुर्बीण बसवायला पट्टी हवी आणि त्याच नळीच्या खाली, पुढच्या बाजूला, हातात धरायला लाकडी मूठ हवी, असं म्हणाला. सिनेमाच्या शूटिंगचं सामान आहे, अशी थाप मारली. लेथवाल्याने दोन्ही वस्तू करून ठेवल्या. बसवून घ्यायला तो जीपवाला परत आला तेव्हा त्याने घोंगडीतून खरी रायफल बाहेर काढली.

"शटर त्यानंच ओढलं साहेब. म्हणाला, बसव. माझी तर बोबडीच वळली. बसवून दिली. जाताना म्हणाला, तोंड उघडलंस तर पहिली गोळी इथंच वाजवीन."

"रायफल कशी होती? प्रत्येक गोळीला दांडी मागे ओढावी लागायची?"

"नाही. त्यानं दाखवलं ना मला, हौसेनं. एक उडाली की दुसरी आपोआप चढते. नुसतं बोट दाबत राहायचं."

मी खुर्चीत सरळ झालो. गावठी कट्टे, ठासणीच्या बंदुका हे आमचं रोजचंच होतं. अर्धस्वयंचलित रायफल आणि तिच्यावर दुर्बीण, हे प्रकरण वेगळं. हाणामारीत दुर्बीण कुणाला लागत नाही. ज्याला लांबून, न दिसता, एकाच ठरलेल्या माणसाला मारायचं असतं त्यालाच ती लागते. म्हणजे जिल्ह्यात कुठेतरी एक माणूस जेवतखात, हसतबोलत होता आणि त्याचा नंबर लागला होता. कोण, ते आम्हाला माहीत नव्हतं.

"अजून एक आहे," असं म्हणून लेथवाल्याने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढली. शाडूच्या मातीचा वाळलेला गोळा होता. "मूठ ज्याच्या हातासाठी करायची, त्याच्या मापाचा हा ठसा जीपवाल्यानं आणून दिला होता. परत न्यायला विसरला. मला घरात ठेवायला भीती वाटते साहेब."

गणपती होऊन महिनाही झाला नव्हता, घरोघर शाडू उरलेली असायची. त्या गोळ्यावर कुणीतरी डाव्या हाताची मूठ घट्ट आवळली होती. अंगठ्याचा खड्डा, तर्जनीचा, मधल्या बोटाचा. पुढे माती सपाट, गुळगुळीत. मी माझा हात त्या खड्ड्यांत ठेवून बघितला, तर माझी शेवटची दोन बोटं मोकळीच राहिली, त्यांना जागाच नव्हती.

तो हात मी ओळखत होतो.

सिन्नर तालुक्यातला एक मोठा बागायतदार. विहिरीच्या पाण्यावरून आपल्याच सालगड्याला त्याने इतकं मारलं की तो माणूस मेला. तपास माझ्याकडेच होता. आरोपी जामिनावर सुटला होता आणि दर तारखेला कोर्टाच्या पायरीवर मला हात जोडून "रामराम साहेब" करायचा. कडबाकुट्टीच्या यंत्रात डाव्या हाताची दोन बोटं गेलेली. ज्या हाताने रायफल खालून तोलायची त्या हातात जोर नाही, म्हणून ही मूठ. चष्मा लागलेला, म्हणून दुर्बीण. तरुणपणी त्याला शिकारीचा नाद होता, हे सगळा तालुका जाणत होता.

त्या खटल्यात बाकी सगळे साक्षीदार फितूर झाले होते. एकच राहिला होता. त्याच गावच्या बौद्ध वस्तीतला, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर काम करणारा. दसऱ्याच्या सुट्टीनंतर त्याची साक्ष होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी एकलहऱ्याला त्याच्या क्वार्टरवर गेलो. माझा निरोप गेल्यामुळे तो पहिली पाळी बदलून घेऊन थांबला होता. "जयभीम साहेब, या," म्हणत त्याने खुर्ची पुढे केली. मी फिरवून न सांगता सगळं सांगितलं. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या हातातलं पीठ तसंच वाळत चाललं होतं.

"साक्षीपर्यंत क्वार्टर सोडू नका. दारावर माणूस देतो," मी म्हणालो.

"आणि दसऱ्याला?"

"दसऱ्याला काय?"

"गावी जायचंय ना साहेब. विहारापुढं पंचशील झेंडा मीच लावतो दरवर्षी. आधी बाप लावायचा. आदल्या दिवशी जाऊन काठी रंगवतो, ओटा सारवून घेतो."

"यंदा दुसरं कुणी लावेल."

"कोण लावेल? सगळे घाबरलेत. मी नाही गेलो ना, तर वस्ती म्हणेल हा पण बसला. मग साक्षीला तरी कशाला उभा राहू?"

बायको एकदम बोलली. "तुमचं काय जातं हो? झेंडा लागेल, अन् मी? आमची पोरं?" आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, तुम्ही धरून न्या ह्यांना. बसवून ठेवा तुमच्या लॉकअपात चार दिस. मी डबा आणून देईन."

हसण्यासारखं वाक्य होतं ते, पण कुणी हसलं नाही. मला खरंच वाटलं की तसंच करावं. पण साक्षीदाराला कोंडून आरोपीला मोकळं ठेवायचं, असा कायदा अजून निघालेला नाही. तो गृहस्थ काही ऐकायला तयार नव्हता. मी साध्या वेशातला एक शिपाई त्याच्या सोबतीला दिला आणि परत निघालो.

आता कुणी विचारील, की मग त्याच दिवशी घराची झडती का घेतली नाही? अहो, झडती घ्यायला कितीसा वेळ लागतो! पण हाती काही लागायला नको का? बागायतदाराचा मोठा वाडा, उसाचे फड, विहिरी, कांदे साठवायच्या चाळी. रायफल घरात आहे की पाहुण्याकडे ठेवलीय, काय भरवसा? एकदा रिकाम्या हाताने परतलो असतो तर ती पुन्हा दिसली नसती, तिचा आवाजच काय तो ऐकू आला असता. वरिष्ठांचं मत तेच पडलं. वॉरंट काढून खिशात ठेवलं आणि पक्की खबर येण्याची वाट बघत बसलो. ते दिवस फार वाईट गेले. अन्न गोड लागेना. समोरून चालत येणारा माणूस किती लांब आहे, असले हिशेब मी रस्त्याने करायला लागलो.

खबर काही आली नाही. खंडेनवमी उजाडली. साक्षीदार आज गावी जाणार होता, आणि उद्या सकाळी झेंडा.

मी सकाळी सिन्नरच्या ठाण्यात जाऊन बसलो. खंडेनवमीला पोलीस ठाण्यात शस्त्रांची पूजा असते. शस्त्रागाराच्या खोलीत रायफली ओळीने मांडल्या होत्या, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, उदबत्तीचा धूर. ज्यांच्या परवान्याच्या बंदुका काही कारणाने ठाण्यात जमा असतात, त्यांच्या घरची माणसंही त्या दिवशी येतात. आपल्या बंदुकीला हळदकुंकू वाहतात, पुढे विडा ठेवतात आणि नमस्कार करून जातात. हत्यार जमा असलं तरी वर्षाची पूजा चुकवायची नाही, ही गावाकडची रीत. आम्हीही अडवत नसू. त्या बागायतदाराची बारा बोअरची बंदूक खटला उभा राहिल्यापासून तिथेच जमा होती.

माझा हवालदार ओळीने पडलेल्या त्या बंदुका बघत होता. एकीवर फूल नव्हतं.

"ही कुणाची? अजून कुणी आलं नाही?" त्याने तिथल्या शिपायाला विचारलं.

"ती त्या खटल्यातल्या मालकाची. गेल्या खंडेनवमीला त्याच्या म्हाताऱ्या आईनं दिवस उगवायच्या आत गडी धाडला होता, विडा अन् नारळ घेऊन. यंदा कुणी फिरकलं नाही."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. दोघांच्याही डोक्यात एकच विचार आला असणार. ती म्हातारी पूजा विसरणारी नव्हती. मग यंदा तिने विडा कुठे ठेवला?

"साहेब," तो हळू आवाजात म्हणाला, "बंदूक घरात आहे. आणि आज पाटावर आहे."

पंच सोबत घेतले आणि निघालो. जीप अंगणात शिरली तेव्हा मालक ओसरीवर उभा होता. "रामराम साहेब. सणाच्या दिवशी?" तीन बोटांचा तोच नमस्कार.

मी वॉरंट दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "बघा ना. पण माजघरात पूजा मांडलीय. बूट घालून जाता येणार नाही."

मी बूट काढले. हवालदारानेही काढले. आयुष्यात इतकं उघड्यावर पडल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. मालक आमच्यापुढे चालत होता, घरातल्या अंधाराला डोळे सरावत नव्हते, आणि पायाखाली गार शेण सारवलेली जमीन.

"कोण हाय रं?" आतून म्हातारीचा आवाज आला.

"पोलीस आहोत, आजी."

"इडा धाडला नाय म्हून आला व्हय? आरं, बंदूक घरी आली न्हवं सुटून! मंग तिकडं कशाला धाडू?"

लेकाने तिला तसं सांगितलं होतं, आणि बंदुकीबंदुकीतला फरक तिला कळत नव्हता. तो सांगेल ते खरं मानून तिने सगळी हत्यारं मांडली होती. कोयता, कुऱ्हाड, जुनी तलवार आणि मध्ये लाल कापडावर ती रायफल. दुर्बिणीला झेंडूची माळ, लाकडी मुठीवर कुंकवाची बोटं. पुढे विडा.

त्यानंतर जे झालं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. मालक वाकला. त्याचा हात रायफलीवर पडला. माझं पिस्तूल कमरेच्या चामडी पाकिटात होतं आणि माझा हात तिथवर पोहोचणार नव्हता, हे मला लख्ख कळलं.

म्हातारीने फाडकन त्याच्या हातावर चापट मारली. "मुडद्या, लाज नाय वाटत? पुजलेलं हत्यार! उद्या सकाळपातूर हलवायचं नाय, म्हाईत नाय तुला?"

पन्नाशीचा माणूस तो, एक खून अंगावर असलेला. पण आईची चापट बसली आणि हात मागे आला. सवयीने आला. तेवढ्यात हवालदाराने त्याला मागून मिठीत जखडलं आणि मी दोघांवर जाऊन पडलो. तलवार, विडे, अक्षता, सगळं इकडेतिकडे झालं. म्हातारी ओरडत होती, "आरं, पूजा मोडली! पूजा मोडली!"

रायफल भरलेली निघाली.

पंचनामा करताना आम्ही मागची कांद्याची चाळ तपासली. चाळीच्या भिंती म्हणजे फळ्या, हवा खेळावी म्हणून मध्ये फटी ठेवलेल्या. बाहेरून आत काही दिसत नाही, आतून सगळं दिसतं. एका कोपऱ्यातले कांदे बाजूला सारून गुडघे टेकायला गोणपाट अंथरलं होतं. मी गोळ्या काढलेली रायफल घेऊन तिथे बसलो आणि दुर्बिणीला डोळा लावला. काचेवर कुंकू लागलं होतं, ते रुमालाने पुसलं.

नाल्यापलीकडे बौद्ध वस्ती. विहाराचा ओटा. आणि ओट्यावर तो. हातात निळ्या रंगाचा डबा, काठीला ब्रश मारत होता. त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं मला दिसलं. मानेवरचा घाम दिसला. मध्येच त्याने मान वर केली आणि काठीचं टोक सरळ आहे का ते बघितलं. माझ्यापासून इतका जवळ, की कानात बोललो असतो तर ऐकू गेलं असतं असं वाटावं. आणि त्याला काहीच माहीत नव्हतं. मी दुर्बीण खाली ठेवली.

ठाण्यात आणल्यावर मालक आधी रानडुकरांची गोष्ट सांगायला लागला. रायफल कुठून आली तेही सांगेना. रायफल विकणाऱ्यांची साखळी पुढे दुसऱ्या पथकाने पकडली, तो विषय इथे घेत नाही. मी त्याच्यावर हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. शाडूचा गोळा टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "डावा हात ठेवा यावर."

त्याने हात टेबलाखाली नेला. मग म्हणाला, "जवळून जमलं नसतं साहेब. त्याच्या बापानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीय. आमच्याच मळ्यावर कामाला होता तो. याच्या तोंडाकडं बघितलं की म्हातारा दिसतो. लांबून नुसता सदरा दिसला असता."

मी त्याला सांगितलं नाही की त्या दुर्बिणीतून नुसता सदरा दिसत नाही, तुटलेलं बटणही दिसतं.

म्हातारी संध्याकाळी ठाण्यात आली. लेकाला भेटली नाही. बाकावर बसून हवालदाराला म्हणाली, "कुनासाठी व्हती ती, मला नाय सांगितलं, बाबा. माझ्या हातचं कुकू हाय तिच्यावर." हेच ती परत परत म्हणत राहिली. हवालदाराने तिला चहा आणून दिला. तो तिने घेतला नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी त्या विहारापुढे हजर होतो. बंदोबस्ताची आता तशी गरज नव्हती. आरोपी कोठडीत, रायफल लाखेचं सील लावून मुद्देमालात. तरी गेलो. साक्षीदार पांढऱ्या कपड्यात होता. त्याची बायको मुलांना घेऊन ओट्याच्या कडेला उभी होती, आणि तिचा चेहरा एकलहऱ्याला होता तसाच होता. वस्तीतले लोक हळूहळू जमले, आधी थोडे, मग बरेच. वंदना झाली. झेंडा वर जायला लागला. सगळे वर बघत होते आणि मी एकटाच नाल्यापलीकडच्या चाळीकडे बघत होतो. मान वळवायची म्हटलं तरी वळेना. दुसरी रायफल असली तर? जीपवाला अजून सापडलेला नव्हता.

झेंडा फडकला. खिरीची वाटी घेऊन तो माझ्याजवळ आला. त्याच्या ध्यानात आलं होतं.

"साहेब, बंदूक तर धरली ना? मग तिकडं काय बघताय?"

"उगाच," मी म्हणालो. "नजर जाते."

त्याने एकदा चाळीकडे बघितलं आणि वाटी माझ्या हातात दिली. "आमची तर कळायला लागल्यापासून जाते. ओट्यावर पाय ठेवला की आधी तिकडंच बघायचं, हे पोरांनासुद्धा शिकवावं लागत नाही."

त्याने साक्ष दिली, एक शब्दही न फिरवता. शिक्षा झाली. अधिकाऱ्यांनी माझं कौतुक केलं, आणि लेथवाल्याने कोर्टात खरं बोलून स्वतःच्या मानेवरचं ओझं उतरवलं. या केसने तुम्हाला काय शिकवलं, असं मला पुढे नव्या फौजदारांनी बरेचदा विचारलं. तक्रारदाराला पाणी द्या, रीतीभाती ओळखा, वगैरे मी सांगत असे. ते खोटं नाही. पण खरं सांगायचं तर, मी ती भीती नवरात्रातले चार दिवस अनुभवली आणि माझी झोप उडाली, जेवण तुटलं. त्या सकाळी ती खिरीची वाटी हातात घेऊन मी तिथे उभा होतो आणि त्याची धाकटी मुलगी ओट्यावर चढली. चढताना तिने आधी चाळीकडे बघितलं, मग झेंड्याकडे.